टाके निघाल्यानंतर : प्रस्तावना

हिरडीची शस्त्रक्रिया ठरली की पेशंट बहुधा दोनच प्रश्न विचारतो. दुखेल का, आणि बरं व्हायला किती दिवस लागतील? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. भूल दिलेली असल्याने शस्त्रक्रिया चालू असताना दुखत नाही, नंतरचे दोन-तीन दिवस थोडा ठणका राहतो आणि तो साध्या वेदनाशामक गोळीने आवरतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, आणि ते नीट समजावून सांगितले जात नाही म्हणून पुढे पुष्कळ नुकसान होते. हिरडीचा वरचा पापुद्रा आठवड्या-दोन आठवड्यांत जुळतो. त्याखालचे तंतू पक्के व्हायला महिना-दीड महिना जातो. हाड भरून येणार असेल तर ते सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत वेळ घेते. यातले पेशंटला दिसते ते फक्त पहिले. आठव्या-दहाव्या दिवशी टाके निघतात, आरशात हिरडी गुलाबी दिसते, घास चावताना दुखत नाही, आणि आपण बरे झालो असे त्याला वाटते. त्या दिवशी आतले काम अर्धेही झालेले नसते.

हे पुस्तक त्या उरलेल्या काळासाठी लिहिले आहे. शस्त्रक्रिया कशी करतात हे त्यात आहेच, परंतु अधिक पाने खर्च केली आहेत ती डॉक्टरांचे हात बाजूला झाल्यावर हिरडीच्या आत काय घडते यावर. माझी खात्री अशी आहे की हिरडीच्या शस्त्रक्रियेचे यश फारसे चिऱ्याच्या पद्धतीवर ठरत नाही. उघड्या पडलेल्या मुळापाशी कोणत्या पेशी आधी पोहोचतात आणि पुढची कित्येक वर्षे तिथे किती स्वच्छता राखली जाते, या दोन गोष्टींवर ते ठरते. पहिल्या गोष्टीत डॉक्टर थोडी मदत करू शकतो. दुसरी जवळजवळ पूर्णपणे पेशंटच्या हातात असते. हे त्याला आधी ठाऊक असले पाहिजे.

आधी रचना समजून घेऊ. दात जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. तो आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरची जागा असते, आणि त्या जागेत कोलॅजेनचे तंतू एका टोकाने सिमेंटममध्ये व दुसऱ्या टोकाने हाडात रुतलेले असतात. बाजेच्या चौकटीतली सुंभाची वीण जसे माणसाचे वजन झेलते, तसे हे तंतू चावण्याचा दाब झेलतात. याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. पुस्तकात सोयीसाठी दंतबंध असे म्हटले आहे. हिरडी, सिमेंटम, दंतबंध आणि दाताभोवतीचे हाड हे चौघे मिळून दाताला धरून ठेवतात. यातल्या कोणाचेही दुखणे इतरांना लागल्याशिवाय राहत नाही.

हाडासारखा कठीण अवयव शरीराचे आवरण भेदून कायमचा बाहेर उभा आहे, असे दातांखेरीज कुठेच घडत नाही. त्यामुळे दात आणि हिरडी यांच्यातला सांधा ही शरीराच्या तटबंदीतली नाजूक जागा आहे. गार्जुलो, वेन्ट्झ आणि ऑर्बन या तिघांनी १९६१ मध्ये मृत व्यक्तींच्या जबड्यांवर मोजमाप करून दाखवले की दाताला चिकटलेला हिरडीचा पापुद्रा सरासरी ०.९७ मिलिमीटर असतो आणि त्याखालची तंतूंची पकड १.०७ मिलिमीटर. दोन्ही मिळून जेमतेम दोन मिलिमीटर. एवढ्याशा पट्टीवर तोंडातले जिवाणू बाहेर आणि आपले रक्त आत, ही सीमा टिकून असते. निरोगी हिरडीत दाताभोवती एक उथळ खाच असते, एक ते तीन मिलिमीटर खोल. पकड सुटत गेली की ही खाच खोल होते आणि तिला पॉकेट म्हणतात. पाच, सात, कधी नऊ मिलिमीटर खोल पॉकेटात कोणताही ब्रश पोहोचत नाही.

हिरडीच्या या आजाराचे, म्हणजे पायरियाचे, कारण काय, यावर एके काळी बरेच वाद होते. डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे हाराल्ड ल्यो, एल्स थेलाडे आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये त्यांचा साधा, निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर हेच सुजेचे कारण, आणि ही पहिली पायरी पूर्ण परतीची आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

पुढची पायरी परतीची नसते. ल्यो यांनीच १९७० पासून श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांचा अभ्यास सुरू केला. या माणसांना दंतवैद्यकीय सेवा मिळालेली नव्हती आणि दात घासण्याची सवयही नव्हती. १९८६ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांच्याच दातांवर थर आणि किटण होते, तरी सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत झपाट्याच्या गटातल्यांचे जवळजवळ सगळे दात गेले होते. सारखीच घाण असताना प्रत्येकाचे शरीर तिला वेगळे उत्तर देते, हे या अभ्यासाने दाखवले. माझी आई कधी ब्रशने दात घासत नव्हती, तिचे दात ऐंशीपर्यंत टिकले, असे सांगणारे पेशंट खोटे बोलत नसतात. त्यांची आई त्या ११ टक्क्यांतली असते. मुलाने तो वारसा गृहीत धरू नये, इतकेच.

हा आजार दुखत नाही, आणि हीच त्याची सर्वांत घातक बाजू आहे. किडलेला दात रात्री झोपू देत नाही म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. पायरिया मात्र वर्षानुवर्षे गुपचूप हाड खातो. ब्रशला रक्त लागते ते 'उष्णता वाढली' म्हणून सोडून दिले जाते. फटी पडतात, दात पुढे सरकतात, तोंडाला वास येतो, तरी दुखत नाही म्हणून कोणी येत नाही. त्यात आपल्याकडे ठाम समजूत आहे की दात साफ केले की ते सैल होतात. खरी गोष्ट अशी की हाड आधीच गेलेले असते आणि किटणाचा ढीग दातांना एकमेकांत अडकवून ठेवतो. किटण काढल्यावर जे नुकसान झालेलेच होते ते जाणवू लागते. या एका समजुतीने महाराष्ट्रात किती दात गमावले असतील, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते.

प्रत्येक पॉकेटाला शस्त्रक्रिया लागते असे मुळीच नाही. आधी किटण काढायचे, मुळे आतून घासून स्वच्छ करायची, पेशंटला ब्रश आणि फटींतला छोटा ब्रश नीट वापरायला शिकवायचे आणि काही आठवडे थांबून पुन्हा मोजायचे, हा क्रम आहे. पुष्कळ पॉकेटे एवढ्यानेच आटोक्यात येतात. त्यानंतरही सहा मिलिमीटर किंवा अधिक खोल राहिलेल्या पॉकेटांसाठी शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. उथळ जागी चिरा घेणे तोट्याचे ठरते, हे यान लिंढे आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मोजून दाखवले होते. पॉकेट साधारण ४.२ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर हिरडी उघडून केलेल्या उपचाराने पकड वाढण्याऐवजी थोडी कमीच होते. म्हणून पहिल्याच भेटीत, मुळे स्वच्छ न करता, थेट शस्त्रक्रियेची तारीख मिळाली तर पेशंटने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे.

शस्त्रक्रियेचा इतिहास पुस्तकात विस्ताराने आला आहे, इथे दोन-चार ओळी पुरेत. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांचे आजार वेगळे वर्गीकृत आहेत. शीताद, दंतवेष्ट, उपकुश ही नावे तिथली. आधुनिक शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला भर होता तो सुजलेली हिरडी कापून टाकण्यावर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जर्मनीतले रॉबर्ट नॉयमन आणि स्वीडनमधले लिओनार्ड विडमन यांनी हिरडीची पडदी उचलून मुळे डोळ्यांनी पाहून साफ करण्याची रीत मांडली. विडमन यांचा लेख १९१८ चा. त्या काळी समज असा होता की पॉकेटाखालचे हाड सडलेले असते, म्हणून तेही खरवडून काढत. १९३० च्या दशकात क्रोनफेल्ड यांनी दाखवले की ते हाड सडलेले नसते, सुजेमुळे विरघळत असते. सूज थांबली की हाडाचे विरघळणेही थांबते. या एका निरीक्षणाने कितीतरी पेशंटांचे चांगले हाड वाचले. पुढे १९७४ मध्ये राम्फ्योर्ड आणि निसल यांनी विडमन यांची पद्धत सौम्य केली. हिरडी कमीत कमी काढायची, हाडाला शक्यतो हात लावायचा नाही, आणि पडदी दाताला अगदी लगटून बसवायची. आज आपल्याकडे ज्याला फ्लॅप सर्जरी म्हणतात ती बहुतांशी याच वळणाची.

आता पडदी मुळावर बसवून टाके घातले आहेत. इथून पुढे काय होते?

पडदी आणि मूळ यांच्यामध्ये रक्ताची पातळ गुठळी तयार होते. हीच पुढच्या सगळ्या बांधणीचा पाया. टाके घातल्यावर डॉक्टर ओल्या गॉजने दोन-तीन मिनिटे हिरडी दाबून धरतात ते रक्त थांबवण्यासाठी, आणि ही गुठळी पातळ राहावी यासाठीही. जाड गुठळी तुटते, पातळ टिकते. काही तासांतच पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी मुळाच्या पृष्ठभागावर रांगेने येऊन बसते आणि उरलेले जिवाणू निपटते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तिची जागा मॅक्रोफेज पेशी घेतात. त्या मेलेला मालमसाला उचलतात आणि नव्या रक्तवाहिन्यांना व तंतू विणणाऱ्या पेशींना बोलावणे धाडतात. या दिवसांत ओठ ओढून टाके पाहणे, जोरात चूळ थुंकणे, जीभ सारखी तिथे लावणे, यातली प्रत्येक गोष्ट त्या गुठळीला हिसका देते. दवाखान्यातून निघताना दिलेल्या सूचनांच्या कागदावर हे सगळे लिहिलेले असते. पण गुठळीचे महत्त्व सांगितले नाही तर तो कागद नुसता नियमांचा वाटतो आणि घडी करून खिशात राहतो.

कापलेल्या कडेवरचा पापुद्रा बारा ते चोवीस तासांतच सरकू लागतो, दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर या वेगाने. आठवड्याच्या सुमारास तो दाताच्या पृष्ठभागाला धरतो. ही धरणी सुरुवातीला फार कच्ची असते. १९६८ मध्ये हायट आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये ती प्रत्यक्ष ओढून मोजली. दोन-तीन दिवसांनी साधारण २२५ ग्रॅम जोराने पडदी सुटून येत होती, आठवड्याने ३४० ग्रॅम लागत होते, आणि दोन आठवड्यांनी १७०० ग्रॅमनेही ती सुटत नव्हती. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यातला हा फरक डोळ्यांना मुळीच दिसत नाही. सातव्या दिवशी 'आता काही वाटत नाही' म्हणून कडक भाकरीचा तुकडा किंवा चिक्की त्या बाजूने चावणाऱ्याला हा आकडा आठवावा. वरण-भात, मऊ खिचडी, दही-भात, शिरा यांचे दिवस थोडे लांबवले तर बिघडत नाही.

याच काळात आत आणखी एक गोष्ट घडते आणि ती कोणालाच कळत नाही. पडदी उचलताना हाड उघडे पडलेले असते. त्याचा वरचा थर मरतो, आणि चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास शरीर तो विरघळवून टाकते. यात मिलिमीटरभर उंची जाऊ शकते. पातळ हाडावर हे नुकसान अधिक, जाड हाडावर पुढे काही अंशी भरून निघते. समोरच्या खालच्या दातांवरचे हाड कागदासारखे पातळ असते. तिथे जपून हात चालवणारा शल्यविशारद हाच हिशेब मनात ठेवत असतो. शस्त्रक्रियेनंतर दात आधीपेक्षा जास्त हलतो, त्यानेही पेशंट घाबरतो. साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत ते हलणे ओसरून बहुधा पूर्वीपेक्षाही कमी होते.

दोन आठवड्यांनी नवे कोलॅजेन दिसू लागते, पण त्याचे धागे मुळाला समांतर असतात, त्यात रुतलेले नसतात. महिन्याने खाच पूर्ण पापुद्र्याने झाकली जाते आणि हिरडीच्या कडेचे तंतू कामाला लागतात. पुढे मोजणी केली तर पॉकेट उथळ झालेले आढळते. डॉक्टर खूश, पेशंट खूश. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर मात्र बहुतेक वेळा आढळते ते असे, की मुळाच्या लांबवर हिरडीचा पापुद्रा नुसता चिकटून बसला आहे. सिमेंटम नवे नाही, दंतबंध नवा नाही. फट बंद झाली, पण गेलेले परत आले नाही. ही बरे होण्याची पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. नीट निगा राखली तर अशी चिकटण वर्षानुवर्षे टिकते. फक्त गमावलेला आधार परत मिळाला अशी पेशंटची समजूत होऊ देऊ नये.

असे का होते याचे उत्तर १९७६ मध्ये टोनी मेल्चर यांनी मांडले, आणि आमच्या शाखेतला तो सर्वांत सुंदर विचार आहे असे मला वाटते. उघड्या मुळापाशी चार ठिकाणांहून पेशी येऊ शकतात: हिरडीच्या पापुद्र्यातून, हिरडीच्या आतल्या तंतुमय भागातून, हाडातून आणि दंतबंधातून. जी पेशी आधी पोहोचेल ती आपल्या जातीचे काम करते. नवे सिमेंटम आणि त्यात रुतलेले नवे तंतू तयार करण्याची कुवत दंतबंधातल्या पेशींकडे आहे. पण पापुद्रा सर्वांत वेगवान, म्हणून तो नेहमी पुढे जातो आणि वाट बंद करतो. मग त्याला रोखले तर?

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथल्या स्टुरे न्यूमन, लिंढे, कारिंग आणि रायलँडर यांनी १९८२ मध्ये ते करून दाखवले. एका माणसाच्या खालच्या पुढच्या दाताभोवती त्यांनी पडदीखाली गाळणीचा पातळ कागद बसवला, जेणेकरून हिरडीच्या पेशी मुळापर्यंत येऊ नयेत आणि दंतबंधातल्या पेशींना वेळ मिळावा. तीन महिन्यांनी तो दात भोवतीच्या ऊतींसह काढून तपासला तेव्हा मुळावर नवे सिमेंटम होते आणि त्यात तंतू रुतलेले होते. एक दात, एक माणूस, एवढ्यावर एक नवी दिशा उघडली. पुढे विरघळणारे पडदे आले. दात घडतानाच्या प्रथिनांपासून बनवलेले जेल आले. लार्स हामरस्ट्रॉम यांचे त्यावरचे काम १९९७ चे. पेशंटच्याच रक्तापासून फिरवून काढलेले फायब्रिन २००१ च्या सुमारास जोसेफ शुक्रून यांनी आणले, आणि स्वस्त असल्यामुळे ते आपल्याकडच्या दवाखान्यांत पटकन रुजले.

या साधनांबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक, ती सगळीकडे चालत नाहीत. हाडाचा खड्डा तीन बाजूंनी भिंतींनी वेढलेला असेल तर भरून येण्याची आशा चांगली असते, एकच भिंत उरली असेल तर फार कमी. दुसरी गोष्ट आपल्या समाजात विशेष महत्त्वाची आहे. वर सांगितलेले जेल डुकराच्या दातांच्या अंकुरांपासून काढतात, कित्येक पडदे डुकराच्या कोलॅजेनचे असतात, आणि हाडाच्या भुकटीचा एक प्रचलित प्रकार गाई-बैलांच्या हाडांपासून बनतो. शाकाहारी, जैन, मुस्लिम, वारकरी, कोणताही पेशंट असो, आपल्या हिरडीत काय ठेवले जाणार आहे हे त्याला आधी सांगितले गेले पाहिजे. पर्याय असतात. संमतीपत्रावर सही घेताना हे न सांगणे मला अक्षम्य वाटते.

हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले असेल तर टाळूवरची ऊती घेऊन तिथे लावतात. याचे वर्णन सहाव्या प्रकरणात आहे. लावलेला तुकडा पहिले दोन-तीन दिवस स्वतःच्या रक्तवाहिन्यांशिवाय, खालून झिरपणाऱ्या रसावर जगतो. म्हणून तो घट्ट, न हलता बसलेला असावा लागतो. मग वाहिन्या जुळतात. टाळूवरची जखम साधारण दोन ते चार आठवड्यांत भरते आणि पेशंटला खरा त्रास तिचाच होतो. कारिंग, लांग आणि ल्यो यांनी १९७५ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगात एक अजब गोष्ट दिसली. हिरडीची आतली तंतुमय ऊती गालाकडच्या मऊ भागात पुरली, तर तिच्यावर उगवलेला पापुद्रा हिरडीसारखाच टणक झाला. म्हणजे वरचे रूप कोणते असावे हे खालची ऊती ठरवते. टाळूतून घेतलेली आतली ऊती उपयोगी पडते त्यामागे हे कारण आहे. मात्र दोन दातांमधले हाड आधीच गेले असेल तर मूळ पूर्ण झाकले जाईल असे वचन कोणीही देऊ नये.

तोंडातली जखम त्वचेवरच्या जखमेपेक्षा लवकर भरते आणि फारसा व्रणही ठेवत नाही. लाळ तिला ओली ठेवते, आणि लाळेतली हिस्टॅटिनसारखी प्रथिने पेशींच्या सरकण्याला मदत करतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच माणसांच्या गालाच्या आतली आणि दंडावरची जखम शेजारी ठेवून पाहिली गेली. तोंडाच्या पापुद्र्यातली भरून येण्याशी संबंधित जनुके जखम होण्याआधीपासूनच जागी असल्याचे दिसले. निसर्गाने हिरडीला दिलेली ही देणगी मोठी आहे. ती वाया घालवण्याचे मार्गही तितकेच आहेत.

त्यातला पहिला म्हणजे थर पुन्हा साचू देणे. गोथेनबर्गच्याच मंडळींचे दोन अभ्यास मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावतो. १९७६ च्या अभ्यासात ५० पेशंटांवर पाच वेगवेगळ्या पद्धतींनी शस्त्रक्रिया झाल्या आणि दोन वर्षे दर दोन आठवड्यांनी त्यांचे दात व्यावसायिकरीत्या साफ केले गेले. पाचही पद्धतींनी चांगले फळ दिले. १९७७ च्या अभ्यासात त्याच पाच पद्धती २५ पेशंटांवर वापरल्या, पण नंतरची अशी निगा ठेवली नाही. पाचही गटांत पकड आणखी सुटली. पद्धत कोणती, याने फरक पडला नाही. शस्त्रक्रिया न केलेली बरी, अशी वेळ अस्वच्छ तोंडात येऊ शकते.

दुसरा मार्ग तंबाखूचा. निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पांढऱ्या पेशी मंदावतात. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते म्हणून ती निरोगी भासते, आणि शस्त्रक्रियेचा लाभ त्याला इतरांपेक्षा कमी मिळतो. आपल्याकडे बिडी-सिगारेटच्या बरोबरीने मशेरी आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड ग्रामीण महाराष्ट्रात कितीतरी स्त्रिया रोज सकाळी हिरड्यांवर घासतात, आणि ते व्यसन आहे असे घरात कोणी समजत नाही. केसपेपरवर 'व्यसन नाही' असे लिहून येणाऱ्या मावशींना 'दात कशाने घासता?' असे विचारल्याशिवाय खरे उत्तर मिळत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि न ओरडता विचारला पाहिजे.

तिसरा मधुमेह. ल्यो यांनी १९९३ मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. साखर वाढलेली असताना कोलॅजेन नीट विणले जात नाही आणि जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद घटते. साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहींची हिरडी मात्र जवळपास इतरांसारखीच भरते. तेव्हा केवळ मधुमेह आहे म्हणून शस्त्रक्रिया नको असे नसते. आधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल पाहावा आणि फिजिशियनशी बोलून तारीख ठरवावी, एवढेच.

पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रियेच्या जागी ब्रश चालत नाही, तेव्हा क्लोरहेक्सिडिनच्या ०.२ टक्के द्रावणाने दोन वेळा चूळ भरायची असते. त्याने दात आणि जीभ तपकिरी होतात, चव बदलते. औषध थांबवल्यावर चव परत येते आणि डाग साफ करता येतात. हे आधी सांगितले नाही तर लोक ते चौथ्या दिवशीच सोडून देतात. लवंगेचे तेल किंवा हळद थेट टाक्यांवर लावू नये. मिठाच्या कोमट पाण्याला हरकत नाही, पण पहिल्या दिवशी तेही नको.

सूज उतरल्यावर दात लांब दिसतात, दोन दातांमध्ये काळे त्रिकोण दिसतात, थंड पाणी झणझणते. आरशासमोर उभ्या राहिलेल्या पंचविशीतल्या मुलीला हे फार लागते, आणि ते लागणे साहजिक आहे. झणझणणे बहुधा काही आठवड्यांत कमी होते. त्रिकोण मात्र पुष्कळदा राहतात. आजार बरा करताना हिरडीची उंची द्यावी लागते, हा सौदा तिला आधी उघड सांगितलेला असला तर ती तो समजून स्वीकारते, असा माझा अनुभव आहे.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन महिने पॉकेटात मोजपट्टी घालत नाहीत, कारण नवी चिकटण तिने फाटू शकते. त्यानंतरची तपासणी साधारण दर तीन महिन्यांनी. साफ केलेल्या खाचेत जिवाणूंची जुनी वस्ती काही आठवड्या-महिन्यांत पुन्हा जमू लागते, म्हणून हे अंतर. पुस्तकाच्या शेवटी याच भेटींसाठी एक तक्ता छापला आहे. प्रत्येक दातासाठी सहा चौकटी आहेत, कारण पॉकेट दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. शस्त्रक्रियेआधीची मापे पहिल्या रकान्यात लिहून घ्यावीत आणि नंतरची शेजारी. ती पेशंटची स्वतःची मापे आहेत. तोंडी 'छान आहे' यावर न थांबता त्याने ती प्रत्येक भेटीला मागावीत, आणि सहाच्या जागी तीन आले की सात, हे डॉक्टरांकडून तिथल्या तिथे समजून घ्यावे.